खाली बाण, तीनदा

लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर चार ओळी यायच्या
आणि दहा सेकंदं.
पहिली ओळ प्रणोतीची, चौथी माझी.
खाली बाण, तीनदा, मग एंटर.
तेवढ्यात दूध वर आलं,
किंवा टँकरवाल्यानं खालून हॉर्न दिला,
की संपलं.
मशीन आपलं आपण तिच्या घरात शिरायचं.
वांगी रंगाची भिंत, मधोमध तिचं नाव,
खाली पासवर्डची रिकामी चौकट.
तो तिनं कधी सांगितला नव्हता. मीही विचारला नव्हता.

मग बटण दाबून धरायचं, विझेपर्यंत,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
सहा वर्षं असं.
एक-दोनदा मुद्दामच दूध बघायला उठलो,
सोसायटीच्या इतिवृत्तात याची नोंद नाही.

परवा डिस्क भरली.
धनकवडीच्या बेचाळीस बिऱ्हाडांचा मेंटेनन्स
कुठे मावेना.
हैदराबादहून ती म्हणाली, माझं पुसून टाका ना बाबा,
एकशे अठरा जीबी नुसती अडकून पडलीय.
तिकडचं काही हवंय?
काय असणार हो. कॉलेजचं.
फोटोबिटो?
नाही.
तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिची मीटिंग सुरू झाली होती.

खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
मी गेज घेऊन बसलो.
एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो.
बसलं तर पास, नाही तर भंगार,
आणि चहाच्या भोंग्यापर्यंत पेटी रिकामी.
इथेही दोनच बटणं.
चष्मा पुसला. होय म्हटलं.
एकशे अठरा जीबी जायला
शिंकेइतकाही वेळ लागला नाही.

पुन्हा सुरू केलं, तर चारही ओळी गायब.
इंग्रजीत एकच वाक्य: असा विभाग सापडत नाही.
खाली एक पांढरा ठिपका, लुकलुक, लुकलुक,
मी काहीतरी बोलेन म्हणून थांबलेला.
मी टाइप केलं, प्रणोती.
म्हणाला, ही आज्ञा कळत नाही.

तपकीर गल्लीत मोइननं स्क्रूड्रायव्हरसुद्धा काढला नाही.
पेन ड्राइव्ह लावला, तोंडात बडीशेप.
काका, खोली पाडलीत तुम्ही,
पण गेटवरचा वॉचमन तिच्याच पगारावर होता.
रोज आधी तिला हाक मारायचा, मग तुम्हाला सोडायचा.
आता हाक मारतोय, आतून कुणी ओ देत नाही,
तर तो तुम्हालाही सोडेना.
दोनशे रुपये झाले. दुसरा वॉचमन बसवला.

आणि ती जागा? जोडून दे की माझ्या डिस्कला.
त्यानं नकाशा उघडून दाखवला:
माझी निळी पट्टी, तिची काळी,
आणि मध्ये नखाएवढी एक, साडेचारशे एमबीची.
ही रिकव्हरीची.
ही मध्ये आहे तोवर दोन्ही जोडत नाहीत.
तोड मग.
नका तोडू काका. उद्या तुमचं काही बिघडलं,
तर दुरुस्तीचं सामान हिच्यातच असतं.

स्वारगेटहून कात्रजची बस, मांडीवर लॅपटॉप
कापडी पिशवीत, गरम.
चौतीस वर्षांत असा नग हातात आला नव्हता,
जो आतही जात नाही
आणि भंगारातही टाकता येत नाही.

आता बटण दाबलं की थेट माझंच येतं.
कुणी विचारत नाही, कुठे जायचंय.
टाकी धुण्याची नोटीस टाइप करायला बसलो,
बघतो तर बोट बाणावर,
दोनदा दाबूनही झालं होतं.

रात्री तिचा फोन. झालं का? किती मिळाली जागा?
म्हटलं, दिसतेय सगळी.
लागत नाही.
हसली. दिवाळीत येते तेव्हा बघते म्हणाली,
तोवर कशाला हात लावू नका.

नोटीस लिफ्टपाशी चिकटवली.
शुक्रवारी पाणी येणार नाही,
सर्व सभासदांनी आदल्या रात्रीच
भरून ठेवावे.